फोलेटची वेळ आणि फोलेटची सोबत

गर्भवतीच्या रक्तात फोलेट पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न आरोग्यसेवेत सहसा केवळ प्रमाणाचा मानला जातो; प्रमाण कमी भरले तर गोळी सुरू करायची आणि पुरेसे भरले तर निर्धास्त राहायचे, एवढ्यावर तो मिटतो. गेल्या शंभर वर्षांत या जीवनसत्त्वाविषयी जे ज्ञान जमा झाले, आणि ज्यातला मोलाचा भाग मुंबई-पुण्याच्या परिसरात घडला, ते पाहता हा व्यवहार अपुरा ठरतो. आईच्या रक्तातले फोलेट गर्भधारणेच्या कोणत्या टप्प्यावर मोजले आणि त्या वेळी तिच्या शरीरात ब-१२ या दुसऱ्या जीवनसत्त्वाची स्थिती काय होती, या दोन गोष्टी कळल्याखेरीज तो आकडा आईबद्दल थोडेफार सांगतो, बाळाबद्दल मात्र फारच कमी. भारतातील गोळ्यावाटपाच्या कार्यक्रमात नेमक्या याच दोन गोष्टींना पुरेशी जागा मिळालेली नाही, आणि ती मिळवून देणे फार खर्चाचे किंवा फार अवघडही नाही, म्हणूनच ही उणीव अधिक खटकते.

फोलेट हे ब-गटातील, पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व असून त्याला ब-९ असेही म्हणतात. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी यांसारखी कडधान्ये आणि प्राण्यांचे यकृत यांत ते चांगल्या प्रमाणात असते. फोलिक ॲसिड हे त्याचे कारखान्यात तयार होणारे टिकाऊ रूप. गोळीत भरले जाते किंवा पिठात मिसळले जाते ते हेच, आणि अन्नातल्या नैसर्गिक फोलेटपेक्षा ते शरीरात अधिक सहज शोषले जाते. एकेका कार्बन-अणूचे छोटे रासायनिक गट एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचते करणे हे फोलेटचे काम आहे, आणि या देवाणघेवाणीवाचून पेशीला नवा डीएनए तयार करता येत नाही. त्यामुळे जिथे पेशी झपाट्याने विभागतात तिथे फोलेटची मागणी सर्वांत जास्त असते. गर्भारपणात अशा जागा एकदम वाढतात: गर्भ, वार, मोठे होणारे गर्भाशय आणि आईच्या हाडांतील ती मज्जा, जिथे वाढत्या रक्तासाठी तांबड्या पेशी घडत असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींत प्रौढ स्त्रीची फोलेटची रोजची गरज २२० मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीची ५७० मायक्रोग्रॅम धरली आहे. गर्भारपणात इतक्या पटीने गरज वाढणारी पोषकद्रव्ये थोडीच.

या जीवनसत्त्वाचा शोध मुंबईतल्या गरीब बाळंतिणींच्या रक्तक्षयातून सुरू झाला, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी ठाऊक असायला हवी तितकी ठाऊक नाही. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर, मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून, परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंच्या चौकशीच्या कामासाठी आली. गर्भारपणात स्त्रियांना एक तीव्र प्रकारचा रक्तक्षय होत होता आणि त्यात मृत्यूही होत होते. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण विशेष होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेत याच्या उलट घडते, तिथे पेशी लहान आणि फिकट होतात; म्हणजे हा आजार लोहाच्या गोळीने बरा होणारा नव्हता. पेशीची वाढ होते आहे, पण डीएनए वेळेवर तयार होत नसल्याने तिचे विभाजन अडते आहे, हे त्या मोठ्या पेशींमागचे कारण पुढे कळले. त्या वेळी कोणालाही ते माहीत नव्हते.

विल्स यांनी घेतलेला मार्ग आजही अनुकरणीय वाटतो. जंतुसंसर्गाचा शोध घेण्याबरोबरच त्यांनी वेगवेगळ्या समाजांतील आणि वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतील स्त्रियांच्या ताटात काय पडते याची नोंद केली, आणि ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट त्याच, म्हणजे गरीब मुस्लिम स्त्रिया, या आजाराला सर्वांत जास्त बळी पडतात हे दाखवले. त्यानंतर त्याच आहारावर त्यांनी प्रयोगशाळेत प्राणी ठेवले, त्यांच्यातही तसाच रक्तक्षय निर्माण झाल्यावर एकेक पदार्थ देऊन पाहिला, आणि मार्माइट या नावाने विकल्या जाणाऱ्या, यीस्टपासून बनवलेल्या स्वस्त अर्काने तो बरा होतो असे त्यांना आढळले. हा अर्क रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्याही सुधारल्या, आणि १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या काळी घातक रक्तक्षय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका आजारावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क गुणकारी ठरत होता, पण मुंबईच्या या स्त्रियांना तो उपयोगी पडत नव्हता. अशुद्ध, कच्चा अर्क मात्र उपयोगी पडे. याचा अर्थ दिसायला अगदी सारख्या अशा दोन रक्तक्षयांमागे दोन वेगळे घटक होते. शुद्ध अर्कात उरत होते ते ब-१२, आणि शुद्धीकरणात निघून जात होते ते फोलेट. दोघांच्या अभावी रक्त सारखेच दिसते, आणि तरीही एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही, हे या प्रश्नाचे मूळ सूत्र मुंबईतच हाती आले होते. त्याचा पुरता अर्थ भारतातल्या धोरणात अजूनही उतरलेला नाही.

पुढचा इतिहास वेगाने घडला. १९४१ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी चार टन पालकातून हा घटक वेगळा केला, आणि १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने तो कृत्रिमरीत्या तयार केला. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. फोलिक ॲसिड स्वस्त झाले, गर्भवतींच्या रक्तक्षयावर सर्रास दिले जाऊ लागले, आणि ‘आईचे रक्त वाढवणारी गोळी’ ही त्याची ओळख पक्की झाली. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघड झाली: ब-१२ च्या अभावाने झालेल्या रक्तक्षयातही मोठ्या मात्रेतल्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारते, पण ब-१२ वाचून मज्जातंतूंची होणारी हानी थांबत नाही. रक्त तपासणारा निश्चिंत होतो आणि रुग्णाच्या पायांतल्या मुंग्या, तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे आतल्या आत वाढत राहतात. डॉक्टरांच्या पुस्तकांत हा इशारा तेव्हापासून आहे.

फोलेटचे दुसरे, आणि नवजात बालकाच्या दृष्टीने अधिक निर्णायक, अंग लक्षात यायला आणखी वीस वर्षे लागली. गर्भाच्या पाठीवर अगदी सुरुवातीला पेशींचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि एक नळी तयार होते, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. या नळीला मज्जानलिका म्हणतात. ती वरच्या टोकाला मिटली नाही तर मेंदू आणि कवटीची घडण होत नाही आणि असे बाळ जगत नाही. खालच्या भागात मिटली नाही तर कणा दुभंगलेला राहतो, मज्जारज्जू उघडा पडतो, आणि वाचलेल्या मुलाला पाय लुळे पडणे, लघवी-शौचावर ताबा नसणे, मेंदूत पाणी साठणे अशा अडचणी आणि त्यांसाठीच्या शस्त्रक्रिया आयुष्यभर भोगाव्या लागतात. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी अशा जन्मदोषांचा आईच्या फोलेटशी संबंध असावा असे सुचवले. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला, आणि आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिल्यास पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते हे निर्विवाद झाले. पुढे चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांच्या पाहणीतून, असा पूर्वेतिहास नसलेल्यांना रोज ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, एवढी छोटी मात्राही मोठा फरक घडवते हे दिसले.

इथे दिवसांचा हिशेब बारकाईने मांडला पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत मिटते. वैद्यकात गर्भारपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे प्रचलित गणनेप्रमाणे सहाव्या आठवड्याच्या अखेरीस हे काम संपलेले असते. महिन्याच्या महिन्याला नियमित पाळी येणाऱ्या स्त्रीची पाळी चौथ्या आठवड्याच्या शेवटी चुकते. पाळी चुकली हे ध्यानात येऊन दिवस गेल्याची शंका येईपर्यंत तिच्या हातात जेमतेम दोन आठवडे उरतात, आणि ज्यांची पाळी मुळात अनियमित असते त्यांच्या हातात तेवढेही नाहीत. त्यानंतर घरात सांगणे, तपासणी करून घेणे, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात नाव नोंदवणे हे सगळे यायचे. सरकारी मोजमापात पहिल्या १२ आठवड्यांच्या आत झालेली नोंदणी ‘लवकरची’ धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तिमाहीत झाली होती. प्रसूतिपूर्व सेवेच्या दृष्टीने ही प्रगती समाधानाची आहे. मज्जानलिकेच्या दृष्टीने दहाव्या आठवड्यात मिळालेल्या गोळीला काहीही अर्थ नाही. लोह आणि फोलिक ॲसिडची रोजची लाल गोळी तर चौथ्या महिन्यापासून सुरू होते. गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, असा सल्ला सरकारी मार्गदर्शिकेत आहे, परंतु ज्या स्त्रीचे नाव गर्भवती म्हणून नोंदलेच गेलेले नाही तिच्या हातात ती गोळी कोणी आणि कोठे ठेवायची, याची घडी बसलेली नाही. भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रीकरण केले असता हजार जन्मांमागे सुमारे चार बालकांत मज्जानलिकेचे दोष आढळतात, असे दिसते. हे अभ्यास बहुतेक मोठ्या रुग्णालयांतले असल्याने आकड्यात थोडीफार अतिशयोक्ती असेल असे मानले तरी, धान्यात फोलिक ॲसिड मिसळणाऱ्या देशांपेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

या ठिकाणी नवजात बालकाच्या रक्ताविषयीचे एक निरीक्षण पुढे केले जाते, आणि त्यातून दिलासा घेतला जातो. जन्माच्या वेळी नाळेतल्या रक्तात फोलेट मोजले तर ते आईच्या रक्तापेक्षा ठळकपणे जास्त भरते. वारेच्या पेशींवर फोलेट पकडून ठेवणारी विशिष्ट प्रथिने असतात. ती आईच्या रक्तातले फोलेट ओढून घेऊन उताराच्या विरुद्ध दिशेने, कमी साठ्याकडून जास्त साठ्याकडे, गर्भाकडे पोचवतात. आईचे स्वतःचे प्रमाण गर्भारपणात घसरत असते, कारण रक्तद्रवाचे आकारमान वाढल्याने ते पातळ होते, लघवीवाटे काही निघून जाते आणि बाकीचे हा गर्भ ओढतो. याचा लोकप्रिय अर्थ असा लावला जातो की बाळ आपल्याला हवे ते आईकडून घेतेच, झीज झाली तर ती आईची. आईच्या झिजेची अशी वासलात लावणे मुळातच अन्यायाचे आहे, पण शास्त्र म्हणूनही हा अर्थ फसवा आहे. वारेतून होणारा हा पुरवठा पहिल्या तिमाहीत हळूहळू उभा राहतो. मज्जानलिका मिटते त्या दिवसांत वार धड घडलेलीसुद्धा नसते आणि तेवढासा गर्भ भोवतालच्या ऊतींतून मिळेल त्यावर वाढत असतो. नाळेच्या रक्तातला नवव्या महिन्यातला भरघोस आकडा हा नवव्या महिन्याचा पुरावा आहे; पंचविसाव्या दिवशी त्या जिवाला काय मिळाले होते, याची साक्ष त्यातून निघत नाही. कणा दुभंगलेल्या बाळाच्या नाळेतही जन्मवेळी फोलेट उत्तम असू शकते.

मोजणीतही अशीच गफलत होण्याजोगी जागा आहे. रक्तद्रवातले फोलेट गेल्या काही दिवसांत काय खाल्ले आणि कोणती गोळी घेतली हे दाखवते. तांबड्या पेशींतले फोलेट मात्र पेशी घडताना तिच्यात बंद होते आणि पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यभर तिथेच राहते, त्यामुळे मागच्या तीन-चार महिन्यांचा खरा साठा त्यातूनच कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, मज्जानलिकेच्या दोषांपासून लोकसंख्येचे जास्तीत जास्त रक्षण व्हावे यासाठी, प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या तांबड्या पेशींत लिटरमागे ९०६ नॅनोमोलपेक्षा अधिक फोलेट असावे अशी मर्यादा ठरवली. ही मर्यादा रक्तक्षय टाळण्यासाठी लागणाऱ्या पातळीपेक्षा बरीच वर आहे. ज्या स्त्रीला फोलेटअभावी रक्तक्षय नाही तिच्या पोटातल्या गर्भाला फोलेट पुरेसे आहे असे यामुळे म्हणता येत नाही, आणि हा साठा भरायलाच काही महिने लागत असल्याने गर्भधारणेनंतर सुरू केलेली गोळी, अगदी पहिल्या आठवड्यातली असली तरी, उशिराचीच ठरते.

वेळेचा मुद्दा असा स्पष्ट आहे. सोबतीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्यावर जगाला विचार करायला लावणारे काम पुण्याजवळच्या सहा गावांत झाले. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह, या गावांतील तरुण विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली, गर्भारपणात त्यांचे रक्त आणि आहार तपासला आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा आजवर चालवला. शेतात राबणाऱ्या, सडसडीत बांध्याच्या या स्त्रियांच्या आहारातून एक साधी गोष्ट पुढे आली: ज्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळे आकाराने मोठी होती, आणि २८ व्या आठवड्यातले तांबड्या पेशींतले फोलेट जास्त असलेल्यांचीही. म्हणजे फोलेट बाळाच्या वाढीला लागते, याला दुजोराच मिळाला. पण रक्ततपासणीचा खरा धक्का वेगळा होता. फोलेट कमी असलेली स्त्री या संपूर्ण गटात अवघी एक निघाली, तर जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते.

याचे कारण समजायला कठीण नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत. ते सूक्ष्मजंतू तयार करतात आणि माणसाला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच पुरेसे मिळते. भाकरी, आमटी, कालवण आणि भाजी यांच्या ताटात फोलेट येते, सरकारी गोळीतून त्याची भर पडते, पण ज्या घरात मांस सणावारी शिजते आणि दूध चहात रंगापुरते पडते किंवा डेअरीला जाते, तिथे ब-१२ यायला वाटच नाही. या अभावाचा फोलेटशी थेट संबंध आहे. पेशीत फोलेट एका टप्प्यावर मिथाइल गट वाहून नेणाऱ्या रूपात असते, आणि तो गट उतरवून पुन्हा कामाला मोकळे होण्यासाठी त्याला ब-१२ लागते. ब-१२ नसेल तर फोलेट त्याच रूपात अडकून पडते; रक्तद्रवात ते भरपूर दिसते, कधी तर नेहमीपेक्षा जास्तच, पण डीएनए घडवण्याच्या कामी येत नाही. खाली न झालेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेत खोळंबलेल्या हमालांसारखी ही अवस्था असते. या खोळंब्यामुळे होमोसिस्टीन नावाचे द्रव्य रक्तात साठते, आणि ज्या आयांत ते जास्त त्यांची बाळे वजनाने कमी, असा संबंधही पुण्याच्या अभ्यासात दिसला. तेव्हा ब-१२ चे प्रमाण न पाहता ‘फोलेट उत्तम’ असा शेरा मारणे म्हणजे अर्धाच कागद वाचून निकाल देणे होय.

ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा सहाशेहून अधिक मुलांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईचे फोलेट जितके जास्त तितकी मुलाच्या शरीरात चरबी अधिक आणि इन्शुलिनला होणारा प्रतिरोधही अधिक. आणि हा प्रतिरोध, जो पुढे मधुमेहाकडे नेऊ शकतो, सर्वांत ठळक दिसला तो फोलेट भरपूर पण ब-१२ कमी अशा आयांच्या मुलांत. म्हैसूरच्या अशाच एका दीर्घ अभ्यासात आईचे जास्त फोलेट आणि मुलांतला इन्शुलिन-प्रतिरोध यांचा संबंध पुन्हा आढळला. त्याच म्हैसूरच्या मुलांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या तेव्हा मात्र ज्यांच्या आयांचे फोलेट जास्त त्यांचे गुण चांगले निघाले. पुण्यात नऊ वर्षांच्या मुलांपैकी, ज्यांच्या आयांचे ब-१२ अगदी तळाला होते ती लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढेच त्यांतून कळते, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. तरीसुद्धा फोलेटला सरसकट गुणकारी किंवा सरसकट धोक्याचे ठरवणाऱ्या दोन्ही मतांना ते पुरेसा अटकाव करतात. मधुमेहाच्या भीतीने कोणी गर्भवतीचे फोलिक ॲसिड बंद करावे, असा त्यांचा अर्थ काढणे तर सरळसरळ घातक ठरेल. त्यांचा नीट अर्थ एवढाच की फोलेटच्या जोडीला ब-१२ गेले पाहिजे, आणि तेही गर्भधारणेच्या आधीपासून. त्याच गावांत, मूळ अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना कुमारवयातच रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहणारा ‘प्रिया’ हा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला, तो याच विचारातून.

जन्मानंतर या दोन जीवनसत्त्वांच्या वाटा आणखी वेगळ्या होतात. स्तनपानात आईच्या दुधातले फोलेट तिचा स्वतःचा साठा आटला तरी बराच काळ टिकून राहते. ब-१२ चे तसे नाही. आईमध्येच ते कमी असेल तर दुधातही ते कमी उतरते, आणि कमी साठ्यासह जन्मलेल्या बाळाला सहा महिने तेवढ्याच दुधावर राहावे लागते. सहा महिने ते दीड वर्ष या वयात भारतातील बालरोगतज्ज्ञांना भेटणारा एक आजार याच्याशी जोडलेला आहे: बाळ गुटगुटीत दिसते पण निस्तेज असते, केस विरळ आणि तांबूस, बोटांची पेरे काळवंडलेली, हसू आणि बसणे शिकलेले असताना ते विसरू लागलेले, आणि मग हातापायांना थरथर. ब-१२ दिल्यावर यातली पुष्कळशी बाळे सुधारतात, पण मेंदूच्या वाढीचे गेलेले महिने सगळेच परत येतात असे नाही. फोलेटच्या बाजूनेही एक खबरदारी सांगण्यासारखी आहे: तान्ह्या बाळाला शेळीचे दूध ‘हलके’ म्हणून देण्याची पद्धत ग्रामीण भागात अजून आहे, आणि शेळीच्या दुधात फोलेट जवळजवळ नसतेच, त्यामुळे केवळ त्यावर वाढवलेल्या बाळाला विल्स यांनी पाहिला तसाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो.

आता धोरणाकडे पाहता, साधने हाताशी असूनही ती अर्धवट वापरली जात आहेत असे दिसते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा शाळेत किंवा अंगणवाडीत निळी गोळी दिली जाते. भावी आईपर्यंत वेळेवर पोचणारा याहून चांगला मार्ग देशात दुसरा नाही. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस, पाळी येणाऱ्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा द्यायच्या गोळीसाठी, २८०० मायक्रोग्रॅमची आहे, आणि तिचे गणित उघड आहे: रोजचे ४०० गुणिले सात. निळ्या गोळीत त्याचा पाचवा हिस्साही नाही. रक्तक्षयासाठी आखलेली ही मात्रा तेवढ्यापुरती पुरेशी असेल. पण तीच मुलगी वीस-एकविसाव्या वर्षी लग्न होऊन पहिल्या काही महिन्यांतच गरोदर राहते तेव्हा तिच्या तांबड्या पेशींत गर्भाला राखेल एवढा साठा या गोळीने भरलेला नसतो. गोळी तीच, वाटप तेच, शिक्षिका आणि सेविका त्याच. बदलायची आहे ती आतली मात्रा, आणि तिच्यात घालायचे आहे ब-१२. देशव्यापी सर्वंकष पोषण पाहणीत, २०१६-१८ दरम्यान, किशोरवयीन मुलामुलींपैकी ३७ टक्क्यांत फोलेट आणि ३१ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले. पुण्याच्या गावांत फोलेट भरपूर होते म्हणून देशभर ते असेल असे मानता येत नाही, आणि म्हणून दोहोंपैकी एक निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

धान्यात पोषकद्रव्ये मिसळण्याच्या मार्गाचेही असेच झाले आहे. अमेरिकेने १९९८ पासून दर १०० ग्रॅम पिठात १४० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले. कॅनडाने त्याच सुमारास तसे केल्यावर तिथले मज्जानलिकेचे दोष जवळपास निम्म्यावर आले. भारतातील पोषणवर्धित तांदळाच्या मानकात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब-१२ असते. ब-१२ चा समावेश ही स्वागतार्ह दूरदृष्टी आहे, पण पाव किलो तांदूळ रोज खाणाऱ्या स्त्रीला यातून फार तर ३१ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आणि ०.३ मायक्रोग्रॅम ब-१२ मिळेल. जिथे भाताऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी हे मुख्य अन्न आहे त्या सोलापूर-धाराशिवसारख्या भागांत त्याहूनही कमी. एवढ्या मात्रेकडून कण्याच्या रक्षणाची अपेक्षा करता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला, औषधाच्या दुकानात फोलिक ॲसिडची सर्वांत सहज मिळणारी गोळी ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे शिफारशीच्या साडेबारापट. आधी दोष असलेले बाळ झालेल्या किंवा फेफऱ्याची काही औषधे घेणाऱ्या स्त्रीला मोठी मात्रा द्यावीच लागते. सरसकट सर्वांना महिनोन् महिने ती देणे, तेही जिथे दर तीनपैकी दोन स्त्रियांत ब-१२ कमी निघाले अशा प्रदेशात, याचे समर्थन अवघड आहे. ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सर्वत्र उपलब्ध नाही म्हणून ५ मिलिग्रॅमची लिहून दिली जाते, आणि सर्वत्र तीच लिहिली जाते म्हणून छोटी गोळी दुकानात ठेवली जात नाही.

यावर आक्षेप येतो तो स्वयंपाकघराच्या बाजूने: घरचे सकस अन्न असताना गोळ्या कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, मेथीची पातळ भाजी यांत फोलेट खरोखरच आहे. कडधान्याला मोड आल्यावर ते वाढतेही. पण फोलेट पाण्यात उतरते आणि उष्णतेने नष्ट होते. पालक पाण्यात उकळला तर निम्मे फोलेट जाते, आणि भाजी उकडून ते पाणी फेकून देण्याची सवय असेल तर हातचे घालवल्यासारखेच. वाफेवर शिजवलेल्या भाजीत ते बव्हंशी टिकते. ताटात रोज दोन वाट्या भाजी आणि एक वाटी उसळ असली तरी गर्भधारणेपूर्वी लागणारी उच्च पातळी केवळ अन्नातून गाठणे बहुतेकींना जमत नाही, आणि घरात सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या नव्या सुनेच्या वाट्याला भाजी किती उरते, हाही प्रश्न आहेच. ब-१२ च्या बाबतीत तर शाकाहारी घरात अन्नाचा पर्याय मुख्यतः दूध, दही आणि ताक एवढाच आहे. कोणाच्याही आहारधर्माला धक्का न लावता हा प्रश्न सुटू शकतो, कारण औषधातले ब-१२ सूक्ष्मजंतूंच्या किण्वनातून तयार होते आणि ते प्राण्यापासून काढावे लागत नाही. हे आहारसल्ला देणाऱ्या प्रत्येकाने उघडपणे सांगितले पाहिजे.

राहतो तो प्रश्न गर्भधारणेपूर्वी स्त्रीपर्यंत पोचायचे कसे, हा. शाळा सुटलेली आणि अजून गरोदर न झालेली तरुण स्त्री आरोग्यव्यवस्थेच्या नोंदीत नसते अशी समजूत आहे, पण ती खरी नाही. प्रत्येक उपकेंद्रात जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते. गावात नवी सून आली की आशा कार्यकर्ती तिचे नाव तीत चढवते, आणि आजवर ती नोंदवही मुख्यतः कुटुंबनियोजनाची साधने पोचवण्यासाठी वापरली जात आहे. ज्या जोडप्याला मूल पुढे ढकलायचे आहे त्याच्या नावासमोर साधनाची खूण होते. ज्याला मूल हवे आहे त्याच्या नावासमोर मात्र, गर्भारपणाची नोंदणी होईपर्यंत, फारसे काही देण्याची सोय नाही. वास्तविक ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आणि २ मायक्रोग्रॅम ब-१२ यांची एक गोळी हातात ठेवायला हवी ती याच स्त्रीच्या, आणि ती याच भेटीत, पाळी चुकण्याची वाट न पाहता. नव्या नवरीच्या दारात आशा कार्यकर्ती एरवीही जातेच. तिच्या पिशवीत ही गोळी असावी, आणि मूल हवे असे सांगणाऱ्या जोडप्याच्या नावासमोरचा रकाना तिने त्याच दिवशी भरावा, एवढा आदेश राज्याच्या आरोग्य खात्याला काढता येण्यासारखा आहे.